मोघ्यांचं भुयार

आमचे शेजारी मोघे बेल वाजवण्याआधी दाराला कान लावतात. एकदा मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं आणि हा रिटायरमेंटला आलेला, केंद्र सरकारचा सेक्शन ऑफिसर सरळ माझ्या अंगावर आला. सावरून म्हणाले, "आत किती जण आहेत याचा अंदाज घ्यावा लागतो." आत मी आणि बायको. हे त्यांना आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून माहीत आहे.

ही सवय त्यांना भुयारात लागली. तरुणपणी कुणीतरी परदेशातून आणलेला एक खेळ त्यांच्या हाती पडला, आणि तेव्हापासून बाकीचा संसार ते फावल्या वेळात करतात. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. मोघे डोळे मिटून सांगतात, "ओलसर जिना, खाली दगडी दार, दारामागे कुणीतरी काहीतरी चघळतंय. तुम्ही काय करता?" आपण कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर झालेलो असतो. काय करतो ते आपण सांगायचं, मग फासे पडतात आणि बहुधा आपण मरतो. या खेळाचे हल्ली नवे अवतार निघालेत, त्यांत म्हणे सहसा कुणी मरत नाही. मोघ्यांना ते चालत नाहीत. "मरायची भीती नसेल तर ते भुयार कसलं? मॉल झाला तो."

"तुम्ही काय करता?" हे ते भुयाराबाहेरही विचारतात. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि मीटिंगमध्ये नुसता आरडाओरडा सुरू होता, तेव्हा मोघे उठून सेक्रेटरीला म्हणाले, "सामने बंद लिफ्ट है. आप क्या करते हैं?" मोघे लिफ्टपाशी दिसले की सेक्रेटरी आजही जिन्याने जातो.

याच वेडापायी ते 'भुयार' नावाचा अंक काढतात. लेखक, चित्रकार, संपादक सगळं तेच. नकाशे, राक्षस, जादूच्या तलवारी यांची पानं झेरॉक्स करायची, मधोमध दुमडायची, दोन पिना मारायच्या की अंक तयार. झेरॉक्सवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, अंकल तंत्र-मंत्र करते हैं क्या? अंकातलं गाजलेलं सदर म्हणजे 'कामी आले', खेळात मेलेल्यांचे मृत्युलेख. माझा योद्धा मी खेळायला बसलो त्या पहिल्याच रविवारी गेला. त्याच्याबद्दल छापून आलं, 'पेटी उघडण्याआधी काठीने ठोकून न पाहिल्यामुळे कामी आले. स्वभाव उतावळा होता.' बायकोने ते पान फ्रिजवर लावलंय.

रविवारी मोघ्यांकडे खेळायला येतात ती बहुतेक यूपीएससीची मुलं. राजेंद्रनगरच्या कोंदट खोल्यांतून ब्लू लाइन मेट्रोने यायचं, पोहे खायचे, मरायचं आणि ताजंतवानं होऊन अभ्यासाला परत जायचं. त्यांत जिंतूरचा समीर शेख सगळ्यांत चिवट. त्याचा झेंडू नावाचा चोर कित्येक अंक झाले तरी जिवंत होता.

यंदा समीरचा शेवटचा प्रयत्न होता. निकाल लागला, त्यात त्याचं नाव नव्हतं. रविवारी तो आला, पण पोह्यांना हात लावला नाही.

"काका, मी गावी चाललो," तो म्हणाला. "आता यायचं होणार नाही. झेंडूला मारून टाका. पुढच्या अंकात दोन ओळी लिहा, बस."

मला वाटलं, मोघे त्याची समजूत काढतील. पण त्यांना ते जमत नाही. फाशाने मारलं नाही त्याला मी कसा मारू, बिल्कुल नाही, एवढंच म्हणून ते चहा करायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

समीरच्या गाडीच्या दिवशी ते मला ओढत निजामुद्दीन स्टेशनवर घेऊन गेले. हातात ताजा अंक. समीरने तो उभ्याउभ्याच चाळला. 'कामी आले'मध्ये झेंडू नव्हता. एका वेगळ्या पानावर होतं, की झेंडूने चोरी सोडून भुयाराच्या तोंडाशी धर्मशाळा काढली आहे. आतून जो जखमी होऊन येईल त्याला तिथे भाकरी आणि अंथरूण मिळेल. समोरचं पान कोरं होतं, नुसत्या चौकटी आखलेलं.

"धर्मशाळेचा नकाशा मला येत नाही," मोघे म्हणाले. "झेंडू तुझा आहे. तूच काढून पाठव. पुढचा अंक त्याच्यावाचून अडलाय."

समीरने अंक बॅगेत घातला. गाडी सुटेपर्यंत बॅगेची चेन उघडझाक करत राहिला.

परतीच्या मेट्रोत मी मोघ्यांना चिडवलं, की हा तुमचा अंक वाचतं तरी कोण? त्यांनी साधेपणाने सांगितलं, की तो परत गेलेल्या मुलांना जातो. पोस्टाने. लातूरला, वाशीमला, गडहिंग्लजला. गावी गेलेली मुलं लाजेने कुणाचे फोन उचलत नाहीत, पण आपल्या योद्ध्याबद्दल अंकात काही चुकीचं आलं की भांडायला हमखास लिहितात. भांडली की कळतं, बरी आहेत.

"आणि पास झालेल्यांना?" मी विचारलं.

"त्यांना कशाला? त्यांची चौकशी सगळेच करतात."

 समीर नकाशा पाठवेल का, हे विचारायचा मला धीर होईना. मोघे फोन मांडीवर पालथा घालून बसले होते.

द्वारका यायच्या थोडं आधी फोन थरथरला. मोघ्यांनी मेसेज वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. 'काका, धर्मशाळेला विहीर कुठल्या अंगाला?'

त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, 'तू ठरव. पाणी गोड हवं.'