व्हॅनच्या चाकाखालचा दगड

एका जंगलात, बाळांनो, भिवाजी नावाचं अस्वल सशांची पोरं व्हॅनमधून शाळेत न्यायचं. त्या व्हॅनवरच त्याचं पोट चालायचं. शाळा उतारावर, आणि उताराच्या शेवटी तळं.

हँडब्रेक ओढला की मागच्या चाकांतले ब्रेक शू आतून घट्ट दाबून बसतात आणि गाडी हलत नाही. भिवाजीचे शू झिजून नुसता पत्रा उरला होता. म्हणून पायाचा ब्रेक दाबून तो पोरांकरवी चाकाखाली एक दगड लावून घ्यायचा.

साळूबाई साळिंदरीण म्हणजे जंगलातली मेस्त्री. तिने चाक उघडून दाखवलं. "भिवाजीभाऊ, शू बदला. अर्ध्या दिवसाचं काम."

"गाडी थांबतेय की."

"दगड थांबवतोय."

हे बोलणं झाडावरच्या वानराने ऐकलं. वानर म्हणजे अध्यक्ष. कशाचा ते ठरायचं होतं. एवढीशी वस्तू एवढी व्हॅन धरते? त्याने दगडाला शेंदूर फासला. आजूबाजूचे झाडून सगळे दगड वेचून चौथरा बांधला.

दुसऱ्या दिवशी भिवाजी व्हॅन घेऊन आला. चाकाखाली घालायला खडासुद्धा नाही.

"अध्यक्षसाहेब, तेवढा दगड द्या."

"देवाला चाकाखाली घालतोस?"

भिवाजी घाबरला. "मग साळूबाईकडून शू तरी बसवून घेतो."

"म्हणजे देवावर भरवसा नाही तुझा," वानर म्हणाला. चौथऱ्याभोवती पूजेला जमलेले सगळे भिवाजीकडे बघू लागले.

"तसं नाही हो," भिवाजी पुटपुटला.

पोरं उतरली. भिवाजी मात्र ब्रेकवर पाय दाबून बसूनच राहिला.

"आरतीला खाली ये."

"पाय काढला तर व्हॅन जाईल."

"देव बघेल."

भिवाजीने एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे. लोक जास्त होते. त्याने हँडब्रेक कानापर्यंत ओढला आणि उतरला.

देवाने बघितलं. व्हॅन त्याच्यासमोरूनच गेली, अगदी सावकाश, आणि तळ्यात बुडबुडे आले.

लगेच सभा भरली. वानराने विचारलं, "भिवाजी, हे कुणामुळे झालं?"

भिवाजीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण व्हॅन बुडाली होती, आणि चौथऱ्यावर पुजाऱ्याची जागा रिकामी होती.

"साळूबाईने आधीच नाट लावला होता," तो म्हणाला.

सभेने ठराव करून साळूबाईला जंगलाबाहेर काढलं. पोरं आता शाळेत चालत जातात, आणि जाताना भिवाजीबुवांच्या पाया पडतात.

तात्पर्य : ब्रेक शू बदलायला अर्धा दिवस लागतो. मेस्त्री बदलायला एक ठराव पुरतो. शहाण्याने वेळ वाचवावा.