तीन एसएसडींची शर्यत

वाल्मिकने लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्यायचं ठरवलं आणि तिथूनच त्याचे ग्रह फिरले. कोपरगावात दुकान असलेला त्याचा मित्र अमृत म्हणाला, "म्हागडी, मधली, स्वस्तातली, तिन्ही घिऊन जा. वापरून बघ. पटंल ती ठेव, बाकीच्या आणून दे."

पुणतांब्यात बैल घ्यायचा तरी आधी गाडीला जुंपून बघतात. वाल्मिकनेही डिस्कांना खरंच ओझं द्यायचं ठरवलं. ओझं म्हणजे त्यानेच शूट केलेलं शेजारच्या सुकन्याचं अख्खं लग्न. लॅपटॉपात जागा मोकळी करायची होती, म्हणून कॉपी न करता कट-पेस्ट. कॅमेऱ्याची कार्डं तर पुढच्या लग्नतिथीसाठी केव्हाच पुसून झाली होती.

इकडे सुकन्याची आजी बायडाबाई पायाला प्लास्टर घालून पडून होती. नातीच्या लग्नाला तिला जाता आलं नव्हतं. ती रोज खाटेवरून हाक मारायची, "वाल्मिक, झाला का रं पिच्चर?"

"झालाच, आजी!"

महागडीत लग्न डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं, पण किंमत ऐकूनच घाम फुटत होता. तिथून उचलून मधलीत टाकलं. जराशी हळू, पण पैसे वसूल. मग स्वस्तातली. ती आधी सुसाट पळाली आणि निम्मं लग्न पोटात गेल्यावर जी बसली, ती उठेचना. कसंबसं तिने ते पूर्ण गिळलं तेव्हा वाल्मिकचं डोकं फिरलं होतं. त्याने तडक जाऊन महागडी आणि स्वस्तातली परत केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या थाटात मधली उघडली, तर आत काहीच नाही. लग्न शेवटी कुठे ठेवलं होतं ते आठवलं आणि त्याने अमृतला फोन लावला.

"अमृत, ती स्वस्तातली कुटंय?"

"इकली की! फॉरमॅट मारून. गिऱ्हाइकानं हितंच काठोकाठ सिनेमे भरून नेले. का रं?"

वाल्मिकला स्वतःचीच लाज वाटली. उरलं काय, तर त्याच लग्नातल्या पुढाऱ्यांच्या सत्काराच्या क्लिपा. कार्यकर्त्यांना स्टेटसला लावायला त्याच दिवशी हव्या होत्या, म्हणून मोबाईलात राहिल्या होत्या. कार्ड खराब झालं म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण बायडाबाईसमोर तोंडातून खोटं निघेना.

"आजी, माज्या हातनं समदं पुसलं गेलं."

म्हातारी खाटेवर कोपर टेकून जराशी उठली. मग म्हणाली, "ऱ्हायलंय ते तरी दाव."

वाल्मिकने मोबाईलातल्या क्लिपा मधल्या डिस्कवर घेऊन लॅपटॉपावर लावल्या; पहिली झटकन उघडली. शाल, नारळ, फेटा, भाषण. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. बायडाबाई डोळे बारीक करून बघत होती. एका पुढाऱ्याच्या खांद्याआडून मुंडावळ्या सावरत सुकन्या क्षणभर दिसली आणि लगेच शालीमागे गेली.

बायडाबाईने वाल्मिकचं मनगट धरलं.

"लई पळवतोस रं. जरा हळू दाव."