निम्मा नकाशा

मी हे लिहावं की नाही, हेच मला कळत नाही. ज्याच्यावर लिहायचं तो माणूस आधी नीट कळलेला असावा, आणि अण्णा मला अजून कळलेले नाहीत. तेव्हा चुकलं तर आधीच माफी मागतो.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गगनबावड्याहून शिकायला आलो आणि कोल्हापुरात बाबगोंडा अण्णांच्या माडीवर भाड्याने राहिलो. अण्णांचा सारा जन्म गुळाच्या व्यापारात गेला. नुसत्या वासावरून ढेप नापास करणारा माणूस! आणि हा माणूस रोज दुपारी मोबाइलवर लहान मुलांचे खजिना शोधायचे सिनेमे बघतो. चार-पाच पोरं, नकाशा, गुहा, मागे लागलेले चोर. शेवटी पेटी सापडते, कुणाचा तरी हात झाकणाला लागतो, आणि अण्णा सिनेमा बंद करतात.

"अण्णा, आत काय निघालं?"

"मला काय ठावं? मी कुठं बघितलंय?"

एकही शेवट त्यांनी पाहिलेला नाही. पोरांवर मात्र ओरडतात, "खजिना काढाय निघाल्यात, आन् एकाकडं पाण्याची बाटली न्हाय!" मोठ्यांचे सिनेमे का बघत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मोठी माणसं पत्ता इचारून जात्यात, पावणं. त्यात काय मज्जा?" दोन वर्षं झाली, मी अजून पावणंच आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने घरामागच्या परड्यात गाडीसाठी कोबा करायचं ठरवलं. सोमवारी गवंडी येणार. हे कळलं त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. माडीवर आले आणि मला वहीचं फाटलेलं अर्धं पान दाखवलं. त्यावर अर्धी विहीर, अर्धा शेवगा आणि एक बाण.

शाळेत असताना अण्णांनी आणि शेजारच्या दत्तूने परड्यात पत्र्याचा डबा पुरला होता. नकाशाचा एकेक तुकडा दोघांकडे. डबा काढायचा तर दोघांनी मिळूनच. मग दत्तूचं घर मलकापूरला गेलं.

"डबा कुठं आहे ते आठवतंय?"

"व्हय की. शेवग्यापास्नं चार पावलं."

"मग काढा की!"

"आन् निम्मा नकाशा?"

"पण जागा तर माहीत आहे!"

"पावणं, तुम्ही कालिजात शिकताय तरी काय?"

मग मी इतक्या वर्षांत मलकापूरला का गेला नाहीत, असं विचारलं.

"गेलतो की. दोनदा. त्याच्या गल्लीच्या तोंडापातूर."

"मग?"

"मग परत आलतो." आणि खिडकीतून परड्याकडे बघत बसले.

माझ्या वर्गात मलकापूरचा एक मित्र आहे. त्याच्या वडिलांनी चार दिवसांत नंबर मिळवला. काल, शनिवारी, मी फोन लावला. पलीकडून दणदणीत आवाज आला, "बाबगोंडाचा डबा? आरं, त्यो मी दुसऱ्याच दिशी उकरला! आईचं पैंजण घातलंतं त्यात. तिनं पाठ फोडली माझी!"

हे अण्णांना कसं सांगायचं? जिन्यावर मी तीनदा थांबलो. शेवटी एका दमात सांगून टाकलं, "अण्णा, दत्तूकाकांना फोन लागला. डबा नाही. त्यांनी तेव्हाच काढला."

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"डब्याचं ऱ्हाऊ दे. त्यो हाय अजून? फोनवर सोता बोलला?"

"हो. स्वतःच. फार मोठ्यानं." मी म्हटलं, "उद्या सकाळच्या एसटीनं येतायत."