‘व्हय म्हाराजा’चे सुरक्षाकवच

“दार केला की धक्को येतलोच,” असं गोकुळदासांचे वडील देवाला गाऱ्हाणं घालून उठताना म्हणायचे, आणि ते शास्त्रशुद्ध सत्य आहे. ज्या संकेतस्थळावर कुणी फिरकत नाही, त्यावर हल्लाही होत नाही.

पेडण्यातल्या एका वाड्यावरच्या देवस्थान समितीने परगावी गेलेल्यांसाठी ऑनलाइन गाऱ्हाणं सुरू केलं. अध्यक्ष गोकुळदासांनी पडद्यावरून देवाला साकडं घालायचं, लोकांनी रकान्यात आपलं नाव-गाऱ्हाणं लिहून ‘व्हय म्हाराजा’चं बटण दाबायचं. पहिल्याच खेपेला ३१२ जणांनी एकदम दाबलं आणि सर्व्हर आडवा झाला. हा हल्लाच आहे, असा समितीने एकमताने ठराव केला. (भक्ती इतकी वेळेवर येत नाही.)

मग डिचोलीच्या संगणकवाल्या देवेशने संकेतस्थळाची सगळी वाहतूक क्लाउडमधून वळवली. आता देवळासमोर राहणाऱ्या प्रभावतीकाकींचा होकार आधी सिंगापूरला जातो, तिथे गाळला जातो, आणि निर्दोष ठरला तर चाळीस पावलांवरच्या देवाकडे परततो. नियम गोकुळदासांनी जातीने सांगितले : बरेच जण एकदम आले तर हल्ला, एकच माणूस तीनदा आला तर मोठा हल्ला. (या विषयातला त्यांचा अनुभव दांडगा. लेक श्रद्धा हिने त्यांना न विचारता डब्लिनला लग्न केलं, तेव्हापासून तीन वर्षं तिचा नंबर त्यांच्या फोनात अडवलेला आहे.)

दुसऱ्या गाऱ्हाण्याला कवच उत्तम चाललं. भाविकांचे सगळे होकार अडले. देवापर्यंत एकच पोचला, तो गाद्या विकणाऱ्या एका जाहिरातयंत्राचा होता. समितीने देवेशला शाल-श्रीफळ दिलं.

शाल खांद्यावर असतानाच देवेशने हल्लेखोरांची यादी उघडली.

“गोकुळदासबाब, सगळ्यांत मोठो हल्लेखोर डब्लिनचो. एका बैठकेक बासष्ट वेळा!”

“नाव कळता?”

“हल्लेखोरान आपणच लिवलाहा. श्रद्धा.” देवेशचा आवाज उतरला. “आणि गाऱ्हाण्याच्या रकान्यात इतक्याच : बाबा बोलूंदे.”

गोकुळदासांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“सिस्टीम बरी चलता मां?”

“एकदम बरी, बाब. मुंगीसुद्धा आत येवची ना.”

(सुज्ञ वाचकांनी आपापल्या फोनातली अडवलेल्या नंबरांची यादी उघडून पाहू नये. तिथेही व्यवस्था उत्तम चालली आहे.)

गोकुळदासांनी खिशातून फोन काढला, एक नंबर मोकळा केला आणि लावला. पलीकडून फोन उचलला जाताच तीन वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून सुटलं :

“बाय गो, चूक माजी. जावयाक घेवन कधी येतलंस?”