फ्रिजदादांची तपकिरी चरबी

"हे पोट म्हणजे आळस नाही, इंधन आहे इंधन!" असं फ्रिजदादांनी बायकोला ठणकावून सांगितलं, आणि तिथंच माशी शिंकली.

फ्रिज दुरुस्त करतात म्हणून ते फ्रिजदादा. बायको संशोधक, आणि अंगातली तपकिरी चरबी हा तिचा विषय. ही चरबी नुसती साठून राहत नाही, जळते! थंडी लागली की तिच्या पेशींतले मायटोकाँड्रिया, म्हणजे इवल्याशा भट्ट्याच, साऱ्या अंगातून साखर आणि चरबी ओढून घेतात आणि जाळून ऊब करतात. हे ऐकल्यापासून दादांना स्वतःच्या देहाबद्दल भलताच आदर वाटू लागला होता.

"मग तपासूनच घ्या," बायको म्हणाली. "भट्टी दिसली तर व्यायामाचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर उद्यापासून जिने!"

"मंजूर!"

प्रयोगशाळेच्या थंड खोलीत दादा उघड्या अंगानं बसले. समोर उष्णता टिपणारा कॅमेरा, काचेपलीकडे पडद्याशी बायको. गार कातडी निळी दिसणार. भट्टी असेल तर गळ्याखालच्या हाडांवर लाल.

"कुडकुडायचं मात्र नाही हं! स्नायू कामाला लागले की प्रयोग फुकट."

"पडदा निळाच्या निळा!" बायकोनं काचेपलीकडून कळवलं. दादांना डोळ्यांपुढे जिने दिसू लागले. मग डोकं चाललं. जास्त थंडी, जास्त भट्टी! आणि गारवा सोडणारं यंत्र म्हणजे तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. झाकण उघडून त्यांनी आतली कळ पिरगाळली. यंत्रानं असा गारठा ओकला की दादांची बत्तिशी वाजू लागली. कळ उलटी फिरवायला गेले, तर ती हातातच आली!

"अहो, कुडकुडताय तुम्ही! बाहेर या!"

"क-क-कोण कुडकुडतंय? भ-भट्टी पेटतेय!"

तेवढ्यात बाहेर थांबलेली दादांची आई दार ढकलून आत आली. सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी, अंगावर पातळ सुती कपडे, हातात लेकाचा स्वेटर.

"बाळ्या, घाल आधी हा! आणि यंत्राची वाट कुणी लावली?"

काचेपलीकडे बायको पडद्यावर झुकली. तिनं हळूच पडदा त्यांच्याकडे वळवला. लेक निळा ठार. शेजारी आई; हातपाय निळे, पण गळ्याखाली दोन्हीकडे निखाऱ्यासारखे लालभडक ठिपके!

"या वयात?" बायको कुजबुजली. "या वयात बहुतेकांच्या भट्ट्या विझत आलेल्या असतात."

दादा कुडकुडणंसुद्धा विसरले. जन्मभर सगळ्यांना स्वेटर घालायला लावणाऱ्या आईनं स्वतः कधी घातला नव्हता. भरपूर जेवूनही ती काडीच राहिली होती. ह्याच उबेला बिलगून आपण लहानाचे मोठे झालो आणि आपल्याला पत्ताच नाही! दादांचे डोळे भरून आले.

"काय बघताय एवढं?" आई म्हणाली. "इथं जरा बरं वाटतंय. घरात फार उकडतं बाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजदादा तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला लोंबकळत धापा टाकत होते. वरच्या मजल्यावरून आईचा आवाज आला,

"बाळ्या, घाम आलाय, वारं लागेल! चढ लवकर, स्वेटर आणलाय!"