घरच्या पत्त्यावर गेलेलं मत

टपाल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एका शिपायाच्या गुडघ्याला पट्टी बांधता बांधता सिस्टरचे हात थांबले. गुडघ्याचा काही दोष नव्हता. टपाल हवालदारांचं आदल्या दिवशीचं एक वाक्य तिला चोवीस तास उशिराने ऐकू आलं होतं. घरचं पाकीट काट्यावर ठेवत ते म्हणाले होते, "घरी फारच थोडक्यात आटोपलंत या वेळी, सिस्टर. हलकं, नुसतं पीस आहे."

थोडक्यात? तिने सासऱ्यांना चार पानं लिहिली होती, पाठपोट, आणि सोबत एक फोटोही घातला होता.

मग ते पीस कशाचं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. शिपायाने घाबरून विचारलं, "सिस्टर, गुडघा गेला का माझा?"

"तुमचा गुडघा जागेवर आहे," ती म्हणाली.

सिस्टर लष्करी दवाखान्यात परिचारिका होती. तुकडी समुद्र ओलांडून परक्या देशात आलेली. दवाखाना म्हणजे सहा तंबू आणि एक पत्र्याची खोली. तिकडे तिच्या गावात नगरपालिकेची निवडणूक लागली होती आणि देशाबाहेरच्या सैनिकांना टपालाने मत देता येत होतं. हे काम वरून हुकूम येऊन दंतवैद्यांकडे सोपवलं गेलं होतं. त्यांच्याकडे आपणहून कुणी फिरकत नाही, तेव्हा त्यांना वेळ असणार, असा वरच्यांचा समज. दंतवैद्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं: मतपत्रिकेवर खूण करायची, ती छोट्या कोऱ्या पाकिटात घालून चिकटवायची, छोटं पाकीट मोठ्या छापील पाकिटात घालायचं आणि मोठ्यावर सही करायची.

सिस्टरने अगदी तसंच केलं. फक्त कॅन्टीनमधली पाकिटं संपली होती, म्हणून सासऱ्यांच्या पत्रासाठीही तिने दंतवैद्यांकडचंच एक छोटं कोरं पाकीट मागून घेतलं. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून चिकटवली आणि नेमकी तेव्हा वॉर्डातून हाक आली. परत येऊन घाईघाईत तिने एकावर घरचा पत्ता लिहिला आणि दुसरं मोठ्या पाकिटात सरकवलं.

म्हणजे चार पानी पत्र आता निवडणूक कचेरीकडे निघालं होतं आणि तिचं मत सासऱ्यांकडे.

एवढ्यानेही आभाळ कोसळलं नसतं. पण सासरे स्वतःच उमेदवार होते, आणि मत त्यांना नव्हतं.

सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. गावचा मुख्य रस्ता चौकाच्या पुढे दीड हात वाकडा गेला आहे, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी कागदोपत्री सिद्ध केलं होतं, आणि तो सरळ करायचा या एकाच मुद्द्यावर ते उभे राहिले होते. समोर होत्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांचं म्हणणं, रस्ता वाकडा तर वाकडा, आधी पालिकेचा बंद पडलेला दवाखाना उघडा. मतपत्रिका पुढे आली तेव्हा सून म्हणून सिस्टरचा हात थोडा अडखळला. मग परिचारिका म्हणून तिने मालकीणबाईंच्या नावापुढे खूण केली. मत गुप्त असतं, या भरवशावर.

सासरे ओरडणाऱ्यांतले नव्हते, ओरडणं एक वेळ परवडलं असतं. त्यांच्या सख्ख्या भावाने एकदा कुंपणाच्या भांडणात शेजाऱ्याची बाजू घेतली, तेव्हापासून अकरा वर्षं ते त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोललेले नव्हते. आणि सिस्टरला त्यांचा अबोला नको होता. लग्नानंतर सैन्यात जायचं तिने काढलं तेव्हा तिची आई रडली होती, सासूबाई गप्प बसल्या होत्या, नवरा दोघींच्या तोंडांकडे बघत राहिला होता. "तिला जाऊ द्या," हे सासऱ्यांनी म्हटलं होतं.

थैली विमानात चढली की ती परत बोलावता येत नाही, असं टपाल हवालदारांनी सांगितलं. सिस्टर दंतवैद्यांच्या तंबूत गेली. त्यांनी नियमावली काढली. पहिलं मत भलतीकडे गेलं तर पर्यायी मतपत्रिका भरता येत होती, ती कॉम्प्युटरवरून पाठवताही येत होती, पण पहिलं पाकीट रद्द करण्याचं कारण लिहावं लागत होतं.

"कारण काय लिहू?"

"खरं ते लिहा."

तिने लिहिलं की मतपत्रिका नजरचुकीने सासऱ्यांना पाठवली गेली आहे, आपल्याकडे येणाऱ्या छोट्या पाकिटात त्यांचं पत्र आहे, तरी कृपया ते त्यांना द्यावं. दंतवैद्यांनी ते दोनदा वाचलं.

"सासऱ्यांनाच सांगा की परस्पर कचेरीत नेऊन द्यायला."

"सासरे उमेदवार आहेत."

"मग तर ते स्वतःहून..." दंतवैद्य मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अच्छा," ते म्हणाले. जरा वेळाने त्यांनी खालची अट वाचून दाखवली. कॉम्प्युटरवरून पाठवलेलं मत गुप्त राहीलच असं नाही, आणि ते मान्य असल्याची सही लागत होती.

"द्या इकडे," सिस्टर म्हणाली. "गुप्तता कालच्या विमानाने गेली."

मताची सोय लागली. उरलं पाकीट. पत्र्याच्या खोलीतल्या फोनवर माणशी दहा मिनिटं मिळत. तिने नवऱ्याला गाठलं. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिने बजावलं की बाबांच्या नावाने पाकीट येईल, ते त्यांच्या हाती पडू द्यायचं नाही. तो का म्हणून विचारत राहिला, आणि ती नोकरी सोडून परत येते आहे की काय, अशी आशा त्याच्या आवाजात डोकावू लागली, तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. पलीकडे घड्याळांच्या टिकटिकीत एक स्क्रू जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"मालकीणबाईंना?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"बरं झालं, मला टपालाने द्यावं लागत नाही," तो म्हणाला.

नवरा आठ दिवस दुकान अर्ध्यावर टाकून पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहिला. नवव्या दिवशी पोस्टमनला सासरे प्रचाराला निघालेले चौकातच भेटले, आणि त्याने सलाम ठोकून पाकीट त्यांच्या हातात दिलं. लष्कराचा शिक्का बघून भोवतीची माणसं गोळा झाली. सासऱ्यांनी पाकीट उलटसुलट केलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जाहीर केलं की सूनबाईचं पत्र आपण रविवारच्या शेवटच्या सभेत, सगळ्यांसमोर उघडून वाचू. संध्याकाळपर्यंत कार्यकर्त्यांनी फलकही रंगवला: रणभूमीवरून सूनबाईचा संदेश. सिस्टरने हे फोनवर ऐकलं तेव्हा तिने तीन दिवसांत केलेल्या कामांची मनातल्या मनात उजळणी केली. दोन गुडघे, एक गळू आणि स्वयंपाक्याचं भाजलेलं बोट.

नवऱ्याने प्रयत्नांत कसूर केली नाही. कोट धुलाईला देतो म्हणाला, तर सासऱ्यांनी आधी खिसे रिकामे केले. त्याने दुसरं पत्र लिहून ठेवलं, पण त्याचं अक्षर घड्याळाच्या स्क्रूएवढं. सुनेचं म्हणून खपणं शक्य नव्हतं. शेवटी शनिवारी सासरे अंघोळीला गेलेले बघून त्याने कोटात हात घातला आणि जे हाताला लागलं ते घेऊन पळाला. दुकानात जाऊन मूठ उघडली, तर त्यात मोजपट्टी होती.

रविवारी सिस्टरने एकाच रुग्णाचा ताप चार वेळा बघितला. सासऱ्यांना काय सांगायचं ते ती घोकत होती, पण प्रत्येक वाक्य "बाबा" या शब्दावरच अडत होतं. तिची फोनची पाळी आली तेव्हा तिकडची सभा संपून तास झाला होता.

"उघडलं?" तिने विचारलं.

"उघडलं."

नवऱ्याने मग सांगितलं. मैदान भरलेलं होतं. मालकीणबाईसुद्धा मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. सासऱ्यांनी चाकूने पाकिटाची कड अगदी सरळ कापली, कागद काढला, उलगडला आणि बघत राहिले. नवऱ्याने मान खाली घातली आणि शेजाऱ्याच्या चपला मोजायला घेतल्या. मग व्यासपीठावरून आवाज आला, "तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार."

"पण त्यात तर दोन नावं आणि एक खूण होती," सिस्टर म्हणाली.

"अगं, पाच मिनिटं वाचत होते. तंबूत वारा कसा शिरतो, जखमी पोरं आईची आठवण कशी काढतात, सगळं. आई रडली. मी रडलो. आणि शेवटी वाचलं, बाबा, तुम्ही निवडून या किंवा न या, पण आपल्या गावचा तो दवाखाना आधी उघडायला लावा. पहिली टाळी मालकीणबाईंनी वाजवली."

"मग?"

"मग कागद घडी करून खिशात. मला एवढंच म्हणाले की मोजपट्टी जागेवर ठेव."

सासऱ्यांचा स्वतःचा फोन निकालानंतर आला. ते त्रेसष्ट मतांनी पडले होते, आणि आकडा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या जमिनीचं क्षेत्रफळ सांगावं तसा सांगितला. मग सोमवारची हकीकत सांगितली. ती मतपत्रिका घेऊन ते निवडणूक कचेरीत गेले होते. पाकीट फोडलेलं आहे, ही मोजता येणार नाही, असं कारकून म्हणाला. सासऱ्यांनी अर्धा तास त्याच्याशी वाद घातला की परदेशात राबणाऱ्या मुलीचं मत असं वाया घालवता येणार नाही. मतपत्रिकेवर खूण कुणाच्या नावापुढे आहे ते बघून कारकुनाने उमेदवाराला पाणी दिलं, आणि मग फाइल काढून दाखवलं की तिचं दुसरं मत केव्हाच येऊन पडलं आहे.

"बाबा, माझं चुकलं," सिस्टर म्हणाली.

"पाकीट चुकलं. मत कशाला चुकेल?" सासरे म्हणाले. "जमिनीची खूण जिथे आहे तिथे दाखवायची असते. मालकाच्या तोंडाकडे बघून सरकवायची नसते."

सिस्टरच्या छातीवर तीन आठवडे ठेवलेला दगड कुणीतरी सहज उचलून बाजूला केला होता. ती खोलीतल्या स्टुलावर बसली आणि पाठ पत्र्याला टेकली.

"कारकुनाने तुझं खरं पत्रही दिलं," सासरे पुढे म्हणाले. "चार पानं. फोटो चांगला आहे. पत्रही बरं आहे. पण मी वाचलं ते जास्त चांगलं होतं."

"मग मी काय काय लिहिलं होतं, ते तरी सांगा."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी घसा साफ केला. दारात दंतवैद्य आपल्या पाळीसाठी घड्याळ बघत उभे होते. सिस्टरच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी बोटांनी खूण केली की माझीही दहा मिनिटं घ्या.