ट्रकचं डोकं वेगळं काढलं तेव्हा

निरोप द्यावा तर मीच द्यावा, असं माझं स्पष्ट मत होतं. इतर लोक फोनवर आधी हवापाणी विचारतात, मग तब्येती, आणि मग मूळ मुद्दा आठवेना म्हणून फोन ठेवून देतात. माझं तसं नाही. मी ट्रक चालवते. रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलायचं म्हणजे मोजके शब्द आणि सरळ मुद्दा. माझा निरोप शेंबड्या पोरालाही कळेल, असं मी छाती ठोकून सांगत असे. मग एका दुपारी मी घरी असाच एक निरोप दिला, आणि संध्याकाळी परतले तेव्हा माझा नवरा बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून घराच्या बरोबर मधोमध खडूनं रेघ मारत होता.

पण आधी ट्रकचं सांगते. डिझेलच्या इंजिनात इंजेक्टर असतात, ते डिझेल फवारतात. कुणी, कधी, किती फवारायचं हे ठरवणारी एक चपटी पेटी असते. तिला म्हणतात मॉड्यूल. आमच्या ट्रकात ही पेटी थेट इंजिनाच्या माथ्यावर बसवलेली. म्हणजे घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला चुलीवर बसवायचं आणि वर चूल हलवत राहायचं! खालून धग, दिवसभर हादरे. आतल्या केसाएवढ्या जोडण्या कुरकुरायला लागल्या होत्या. गाडी गार असली की गुणी बाळासारखी सुरू व्हायची. तापली की भर रस्त्यात मुकाट बंद.

माझा नवरा गाड्यांच्या सीटा शिवतो. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर फोम हा इलाज आहे, अशी त्याची श्रद्धा. मी कुठंतरी अडकून एकटी उभी राहते, हे त्याला फार लागायचं. पण भीती वाटते असं तो कधी बोलून दाखवत नाही, शिवून दाखवतो. एके दिवशी दुकान बंद ठेवून त्यानं त्या पेटीला एक जाकीट शिवलं. आत फोम, त्यावर आणखी फोम, बाहेरून चंदेरी कापड, कडेनं दुहेरी शिवण. इतकं सुबक, की आत तान्हं मूल घातलं असतं तरी निवांत झोपलं असतं. हादरे लागणार नाहीत आणि बाहेरची धग आत शिरणार नाही, असं त्यानं मला समजावलं. दोन्ही खरं होतं. पेटी स्वतःही तापते, आणि ती आतली धग बाहेर कशी जाणार, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. सासूबाईंनी विचारलं हे काय शिवलंस, तर तो म्हणाला, गाडीचं काहीतरी आहे. त्यांनी शिवण बघून मान डोलावली आणि विषय संपला.

सासूबाईंबद्दलही सांगायला हवं. मी ट्रक चालवणार म्हटल्यावर सगळ्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली होती. सासूबाईंनी फक्त विचारलं, ब्रेक नीट लागतात ना. लागतात म्हटल्यावर त्या डाळ निवडायला बसल्या. आम्ही तिघं राहतो ते घर लहान. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रजा घ्यायची. त्यात शिलाईचं जुनं मशीन, फोमचे तुकडे, रेक्झीनची भेंडोळी. आदल्याच आठवड्यात मशीनला ठेच लागून मी ओरडले होते, की या घरात श्वास घ्यायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची ट्रंक कोपऱ्यातून नाहीशी झाली होती. त्यांनी ती स्वतःच्या कॉटखाली ढकलली होती. मी ते पाहिलं, आणि घाईत होते म्हणून विसरले.

तर त्या दुपारी मी काचेच्या बाटल्या भरून निघाले होते. चढावर ट्रक बंद पडला. नशिबानं मागं थोड्या अंतरावर एक गॅरेज होतं, तिथवर उतारानं गाडी हळूहळू मागे सोडत नेली. गॅरेजच्या मिस्त्रीनं झाकण उघडलं, चंदेरी जाकिटाकडे बराच वेळ पाहिलं आणि याला थंडी वाजत होती का, असं विचारलं. जाकीट काढल्यावर पेटीवर हात ठेववेना. मिस्त्री त्या पेटीला ‘डोकं’ म्हणायचा. डोकं तापलंय, म्हणाला. मायेनं केलंय खरं, पण मायेनं गुदमरलंय. सुदैवानं जळलं काही नव्हतं. त्यानं सुटलेल्या जोडण्या पुन्हा झाळायचं ठरवलं, आणि पेटी इंजिनावरून उचलून केबिनच्या मागच्या अंगाला, जरा उंचावर, वारा खेळेल अशा जागी हादरे झेलणाऱ्या रबराच्या बुशांवर बसवायचं. मधे एक पत्रा, म्हणजे इंजिनाची धग लागायला नको. मला ते इतकं पटलं की मी लगेच घरी फोन लावला.

नवरा दुकानात जाताना फोन घरीच विसरतो. तो सासूबाईंनी उचलला. शेजारून अवजड गाड्या धडधडत जात होत्या, म्हणून मी ओरडून, मोजक्या शब्दांत सांगितलं.

“आई, यांना सांगा, डोकं तापलंय! इतकं गुंडाळून ठेवल्यावर दुसरं काय होणार? मायेनं करतात, पण गुदमरायला होतं. आता मी वेगळं काढायचं ठरवलंय. आजच. मिस्त्रींशी बोलणं झालंय. ते मधे पत्रा टाकून देतायत, म्हणजे इकडची धग तिकडे नको.”

त्यांनी हळूच विचारलं, “आणि मी?”

मला वाटलं, जेवणाचं विचारतायत.

“तुम्ही माझी वाट बघू नका,” मी म्हटलं. “तुमचं तुम्ही जेवून घ्या.”

एवढ्यात मिस्त्रीनं कामासाठी बॅटरीच्या तारा सोडवल्या. माझा फोन ट्रकच्याच चार्जिंगवर धुगधुगी धरून होता, त्यानं मान टाकली, आणि घरी येईपर्यंत तो पुन्हा सुरू करायचं माझ्या लक्षात आलं नाही. निरोप पोचला याच समाधानात मी चहा घेतला. आपल्या भाषेत कर्ता गाळला तरी वाक्य ठणठणीत चालतं. संसार अडखळतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि मिस्त्री गाडीचाही असतो, भिंतीचाही असतो, हे ठाऊक असून सुचलं नाही.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाईंनी फोन ठेवला. मग दुकानात जाऊन मुलाला म्हणाल्या, की सूनबाईला वेगळं राहायचंय, गवंडी ठरलाय, घरात मधे पत्रा पडणार आहे, आणि तू एका शब्दानं तिला बोलायचं नाहीस. त्याच्या हातातली सुई बोटात गेली. त्यानं मला किती वेळा फोन लावला देव जाणे, तो बंदच. तेव्हा त्यानं आपल्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. माझी ही नणंद भावकीतली भांडणं मिटवण्यात तरबेज. भांडण लहान असेल तर ती आधी ते मोठं करून घेते, म्हणजे मिटवल्यासारखं वाटतं.

ट्रक झकास चालला. चढ आला तरी ठसका नाही. बाटल्या उतरवून मी शीळ घालत घरी आले. नणंद एकुलत्या एका खुर्चीवर बसलेली. नवरा खडू घेऊन जमिनीवर. त्याची पंचाईत अशी झाली होती, की कुठूनही रेघ मारली तरी एका बाजूला चूल येत होती आणि दुसऱ्या बाजूला न्हाणीघर. मला वाटलं, नवी सीट आखतोय.

“झालं एकदाचं वेगळं,” मी आनंदानं म्हटलं. “आता इतकं मोकळं वाटतंय!”

नणंदेनं विचारलं, जागा कुठं बघितली. मी सांगितलं, मागच्या अंगाला, जरा उंचावर, वारा मस्त खेळतो. केवढी आहे, तिनं विचारलं. मी हातानं दाखवली, वीतभर. पुरते.

“वीतभर जागेत माझा भाऊ राहणार?” नणंद खुर्चीवरून उठली.

“भाऊ कशाला राहील? डोकं राहील.”

“आणि धड आम्ही सांभाळायचं?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही, फक्त आईला सोडून कसं राहू ते कळत नाही. तेव्हा कुठं मला दाराजवळचं बोचकं दिसलं. सासूबाईंच्या जुन्या साडीत बांधलेलं, गच्च. त्या घर सोडून निघाल्या होत्या, आणि ‘जेवून घ्या’ असं मी त्यांना सांगितलं होतं!

मी तिथंच बसून गाठ सोडली. आत त्यांचं एकही लुगडं नव्हतं. घरातला मोठा कुकर होता. दोन चांगल्या चादरी, चिमटा, उलथनं, चहाचं गाळणं, नवी करकरीत कढई, जी त्यांनी कुणाला कधी वापरू दिली नव्हती. आणि कागदात गुंडाळलेली चमच्यांची जुडी.

सासूबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. “नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी काही सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “गाळणं तर नाहीच सापडत.”

मी बाहेर गेले, ट्रकातून ते चंदेरी जाकीट आणलं आणि खडूच्या रेघेवर ठेवलं. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी प्रत्येक वाक्यात कर्ता घातला, कर्म घातलं, क्रियापद घातलं. नवऱ्याला आधी कळलं. तो इतका हसला की रडला की काय ते समजेना. मग जाकीट उचलून त्यानं उलटसुलट पाहिलं आणि पडल्या आवाजात विचारलं, शिवण कशी होती म्हणाला मिस्त्री? शिवणीला तोड नाही म्हणाला, असं मी सांगितलं. हे मिस्त्री म्हणाला नव्हता, पण म्हणायला हवं होतं.

नणंद मात्र हिरमुसली. मिटवायला काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात तिची नजर कुकरवर पडली. हाच कुकर तिनं आपल्या लग्नात मागितला होता, आणि तेव्हा आईनं तो गळका आहे असं सांगितलं होतं. हे प्रकरण बरंच लांबलं. शेवटी कुकर काखेत मारून, अगदी समाधानानं ती आपल्या घरी गेली.

नवरा ओल्या फडक्यानं रेघ पुसत बसला. मी गाळणं, चमचे घेऊन आत गेले. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“तुला खरंच कधी वाटतं का गं, वेगळं राहावं?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“कधी कधी वाटतं,” मी म्हटलं. “तुम्ही सकाळी रेडिओ मोठ्यानं लावता तेव्हा. मग मी निघते, आणि ट्रक वळेपर्यंत तुम्ही फाटकाशी उभ्या दिसता. मग नाही वाटत.”

त्यांनी एक स्वच्छ पातेलं घेतलं आणि पुन्हा पुसलं.

“मलाही वाटतं कधी कधी,” त्या म्हणाल्या. “तू भांडी आपटतेस तेव्हा.”

“मग?”

“मग काही नाही. तू वळणावर हॉर्न देतेस ना.” पातेलं त्यांनी फळीवर पालथं घातलं. “पण ठरवलंसच कधी, तर समोर बसून सांग. फोनवर नको.”

“समोर बसून सांगेन, आई.”

“आणि तेव्हा कुकर मागू नकोस. तो आता गेला.”